ब्येलासेक, एकास अठ्ठेचाळीस

हे विमान कधीच नव्हतं.
आधी एवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढे ओशाळायला नको.
ब्येलासेक हे नाव मी ठेवलं:
कोबीच्या वाफ्यावर भिरभिरणारं पांढरं फुलपाखरू.
साल एकोणतीस. कारखाना ख्रुदिमच्या कडेला,
जिथे तेव्हाही बटाट्यांचं कोठारच होतं.

चाळीस वर्षं मी जमिनीचे नकाशे काढले.
कुणाचा बांध कुठे, ओढा कुठून वळतो.
एक रेघ स्वतःच्या मनाची मारायची सोय नव्हती.
निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात कोरा कागद पसरला
आणि पंखावर पंख मांडला,
वरचा थोडा पुढे, दोन बोटं.
का, ते विचारू नका. तसाच बरा दिसला.

लिंडनच्या लाकडाचं अंग, नाशपातीच्या फळीचा पंखा,
बरगड्या पुठ्ठ्याच्या, एका पंखात एकोणीस.
प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरायची,
लवली की दोन्ही हात सावकाश लांब न्यायचे,
मधे केसाएवढी तार उरते.
अशा बावीस तारा. एक जरी सैल पडली
तरी अख्खं विमान उघडं पडतं.
खोटं बोलावं तर रेटून, म्हणतात लोक.
मी म्हणतो, ताणून.

रंग देऊन झाला तेव्हा ते
दुकानातल्या केकसारखं दिसत होतं.
म्हणजे आता ते वापरायला हवं.
खडूची काळी पूड धुराड्याच्या मागे,
पोटावर तेलाचे ओघळ, कधीच न धडधडलेल्या इंजिनाचे.
डाव्या पंखाच्या मुळाशी काचकागदानं
रंग घासला, खालचं लाकूड दिसेपर्यंत,
कारण कुणीतरी रोज तिथे पाय देऊन चढत असणार.
पाय लहान होता. घासताना लक्षात आलं.
मग कॉकपिटच्या कडेचं कातडंही एकाच जागी झिजवलं,
जिथे ती हातमोजा काढून हात टेकवायची.
ती.
हे मी ठरवलं नव्हतं.
द्राहोमिरा. टपालाच्या पिशव्या. डोंगरापलीकडची गावं.
साडेतीन सेंटिमीटरची बाई. तिला घडवली नाही मी,
बसायची जागा रिकामी ठेवली.

मार्चमध्ये नगरपालिकेच्या सभागृहात प्रदर्शन.
परीक्षक ह्रुबेश भिंग घेऊन वाकले,
तारा मोजल्या, मान डोलावली,
मग म्हणाले, "मूळ फोटो?"
नाही.
"आराखडे? संग्रहालयाचा क्रमांक?"
नाही.
त्यांनी अर्जावर लिहिलं: इतर.
माझ्या एका बाजूला आगकाड्यांचं चर्च,
दुसरीकडे कुणाचा तरी मान हलवणारा ड्रॅगन.

चारच्या सुमारास एक म्हातारी आली,
चाकांच्या वॉकरला धरून, कोटाला एक बटण कमी.
नव्वदीची तरी असेल.
फार वेळ उभी राहिली. मला वाटलं, दम खातेय.
मग म्हणाली, "शेपटी हिरवी होती.
आणि डावीकडून नाही चढायची ती,
डावा गुडघा वाकत नसे तिचा.
आमच्या बिटाच्या शेतात उतरली होती एकदा.
आईनं कांद्याचं सूप दिलं. उभ्यानंच प्यायली."
नातसुनेनं तिला हलकेच कोपराला धरून नेलं,
जाताना माझ्याकडे बघून
माफी मागितल्यासारखी हसली.

मी विचारायला हवं होतं, कुठलं शेत.
त्या भागातलं प्रत्येक शेत आहे माझ्याकडे, नंबरासकट.

रात्री शेपटीचा रंग उतरवला.
हिरवा म्हणजे कुठला, ते ती बोलली नव्हती.
चार हिरवे कालवून टाकून दिले. पाचवा
बिटाच्या पानाच्या खालच्या अंगाचा.
डाव्या पंखावरची झीज पुट्टीनं बुजवली,
घोटली, वर पांढरा.
काचकागद घेऊन उजव्या पंखाशी बसलो
आणि हात चालेना.

उठलो. जिन्याशी गेलो, मोजे घालून,
डावा गुडघा ताठ धरून पहिली पायरी चढून पाहिली.
पुन्हा एकदा.
कठड्याला धरल्याशिवाय जमत नाही.
म्हणजे उजवीकडच्या आतल्या खांबावर,
साधारण खांद्याच्या उंचीला,
रंग उडालेला असणार.